न ठरवलेला दिवस



'एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ या' हे वाक्य आपण वर्षातून किती वेळा म्हणतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही ते बरंच आहे. लग्नात भेटलेली चुलत-मावस भावंडं म्हणतात, निवृत्त झालेले सहकारी म्हणतात, एकाच इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणीही म्हणतात. मग व्हॉट्सॲपवर गट तयार होतो. गटाला नाव ठेवलं जातं, नावाशेजारी डोंगराचं चित्र लागतं, तारखा सुचवल्या जातात. एकाच्या मुलाची परीक्षा असते, दुसरीच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, तिसऱ्याचं ऑडिट. सहा महिन्यांनी त्या गटावर 'सुप्रभात'ची फुलं तेवढी उरतात. डोंगर चित्रातच राहतो.

आज मला अशा ठरवून न झालेल्या सहलींबद्दल बोलायचं नाही. बोलायचंय ते न ठरवता होणाऱ्या दिवसाबद्दल. सकाळी उठावं, बाहेर कोवळं ऊन पडलेलं असावं, कुणीतरी म्हणावं, 'चल गं, आज चहा बाहेरच पिऊ,' आणि त्या चहाला फाटे फुटत फुटत संध्याकाळ व्हावी. आपल्याकडे याला उनाडक्या करणं म्हणतात, आणि म्हणताना कपाळाला आठी घालतात. पोरगं उनाड निघालं म्हणजे हातचं गेलं, अशी आपली जुनी समजूत. थोरामोठ्यांनी तर उनाडक्या करायच्याच नसतात. त्यांनी आरक्षण करून सहलीला जायचं असतं!

असा दिवस लहरीवर निघतो हे खरं. पण नुसत्या लहरीवर तो पार पडत नाही. त्याला गाव साथीला लागतं. निवांत बसता येईल अशी चहाची जागा लागते. फाटक आणि तिकीट नसलेला थोडा मोकळा निसर्ग लागतो. आणि परतताना तोंड गोड करायला एखादं दुकान लागतं. या तिन्ही गोष्टी पायी जाण्याच्या अंतरात असल्या की दिवस आपोआप जमतो. त्यातली एक जरी हलली की गाडी काढावी लागते, वेळ ठरवावी लागते, खर्चाचा अंदाज घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा तो गट आणि पुन्हा त्या तारखा.

उदाहरणादाखल पुण्यातला डेक्कनचा भाग घेऊ या. तिथे या तिन्ही गोष्टी अजून एकमेकींना धरून आहेत.

सुरुवात अर्थातच चहापासून. डेक्कनच्या एका चौकाला लोक गुडलक चौक म्हणतात. रिक्षावाल्याला दुसरं काही सांगायची गरज पडत नाही. १९३५ साली सुरू झालेल्या एका इराणी हॉटेलचं नाव चौकाला चिकटलं ते कायमचं. आपल्याकडे चौकांना थोरामोठ्यांची नावं द्यायला ठराव करावे लागतात. इथे बन-मस्का आणि चहा यांच्या जोरावर नाव पडलं.

ही इराणी मंडळी मूळची यझ्द आणि केरमान या इराणच्या कोरड्या मुलखातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांत ती मुंबई, पुणे, हैदराबाद अशा शहरांत येऊन स्थिरावली. त्यात झरथुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. कोपऱ्यावरची जागा आपल्याकडचे दुकानदार अशुभ मानून सोडून देत आणि इराणी ती बिनदिक्कत घेत, असं जुनी माणसं सांगतात. शुभ-अशुभाचं काहीही असो, कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांवरचं गिऱ्हाईक मिळतं आणि दोन बाजूंनी उजेड येतो, हे नक्की. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे आणि गल्ल्यावर बसलेले मालक, हा थाट त्यातूनच उभा राहिला.

चहाची तऱ्हाही वेगळी. आपल्या घरी दूध, पाणी, साखर, पत्ती एकाच पातेल्यात उकळतात. इराण्याकडे चहाचा कडक अर्क एका भांड्यात असतो आणि आटत ठेवलेलं दूध दुसऱ्या. दोघांची गाठ कपातच पडते. नेहमीचं गिऱ्हाईक 'पानी कम' म्हणतं, म्हणजे चहा आणखी दाट. सोबत मऊ, गोडसर बन किंवा कडक कवचाचा ब्रुन, मधे चिरून लोणी लावलेला. ब्रुन चहात बुडवल्याशिवाय खायचा प्रयत्न करू नये. दातांची खात्री असेल तर गोष्ट वेगळी.

या हॉटेलांची खरी चैन मात्र कपात नव्हती, खुर्चीत होती. एका चहावर तासभर बसता येई आणि कुणी 'अजून काय आणू?' म्हणत डोक्यावर उभं राहत नसे. विद्यार्थी तिथे परीक्षेचा अभ्यास करत, हौशी नट तालमीनंतर भांडत, बेकार तरुण फुकटचा पेपर वाचून नोकरीच्या जाहिराती शोधत. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली एक पुस्तक लिहून 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. घर ही माणसाची पहिली जागा, कामाचं ठिकाण ही दुसरी. पण जिथे कुणी कुणाचा साहेब नाही आणि कुणी कुणाचा पाहुणा नाही, अशी तिसरी जागा नसेल तर समाजाचं बोलणंच बंद पडतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. पार, कट्टा, चावडी, पाणवठा हे शब्द आपल्या भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

पण या यादीकडे जरा नीट बघा. पार, कट्टा आणि चावडी पुरुषांची. बायकांच्या वाट्याला पाणवठा, तोही डोक्यावर हंडा घेऊन. घरोघरी नळ आले ही मोठीच सोय झाली, पण पाणवठ्यावरचं बोलणं गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. जुन्या इराणी हॉटेलांत बायकांसाठी आडोसा केलेली 'फॅमिली रूम' असे. म्हणजे बाईने हॉटेलात यायचं ते कुटुंबासोबत आणि बसायचं ते आडोशाला. एकट्या बाईने भर सकाळी टेबलावर बसून निवांत चहा प्यावा, ही गोष्ट आपल्याकडे अंगवळणी पडायला फार काळ लागला. अजूनही सगळीकडे ती पडलेली नाही. नव्या धर्तीच्या कॅफेंना आपण नावं ठेवतो, 'एवढ्याशा कॉफीला एवढे पैसे' म्हणून कुरकुरतो. त्यात तथ्य आहेच. पण एखादी मुलगी तिथे पुस्तक उघडून दोन तास एकटी बसते आणि कुणी मान वळवून बघत नाही, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. ही मोकळीक मिळावी आणि तीही चहाच्या दरात मिळावी, एवढंच मागणं आहे.

जुनी हॉटेलं मात्र एकेक करून मिटत गेली. डेक्कनवरचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. मुंबईत जी शेकड्यांनी होती ती आता थोडीच उरली आहेत. कारणं समजण्यासारखी आहेत. ज्या कोपऱ्यांनी धंदा दिला त्याच कोपऱ्यांचे भाव आभाळाला भिडले. मालकी अनेक वारसांत वाटली गेली. शिकलेल्या मुलांना पहाटे चारला उठून भट्टी पेटवायची नव्हती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शिवाय धंद्याचं साधं गणित असं, की एका चहावर तासभर अडलेलं टेबल तोट्याचं. म्हणजे गिऱ्हाइकाला जे सर्वांत मोलाचं वाटत होतं, तेच दुकानाला परवडेनासं झालं.

चहा झाला. आता पाय मोकळे करायचे. भांडारकर रस्ता धरला की दोन्ही बाजूंची झाडं आपल्याला लॉ कॉलेज रस्त्यापर्यंत सोबत करतात. वाटेतल्या संस्था आपण रोज बघतो आणि रोज विसरतो. १९१७ साली सुरू झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था इथेच. १९२४ सालचं विधी महाविद्यालय इथेच. 'संत तुकाराम' जिथे तयार झाला त्या प्रभातच्या स्टुडिओत १९६०पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीही याच रस्त्यावर. आणि या सगळ्यांच्या पाठीशी उभी आहे वेताळ टेकडी.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, पुणे शहरातली सर्वांत उंच जागा. शहर स्वतःच साडेपाचशे मीटरांच्या वर वसलेलं असल्यामुळे आपल्याला चढायचं असतं ते त्यातलं थोडंच. माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. टेकडी सपाट का, असा प्रश्न मुलं विचारतात. तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा बेसाल्ट. वरच्या जुन्या खाणीशी उभं राहिलं की कापलेल्या खडकात पोटातली रचना उघडी दिसते. दगडाच्या घावातून आता तळं झालं आहे आणि त्याच्या काठाला पक्षी येतात.

झाडं बघताना मात्र फसायला होतं. सगळीकडे हिरवं दिसतं, पण त्यातलं बरंच गिरिपुष्प आहे. मूळ मध्य अमेरिकेकडचं हे झाड वनीकरणात भराभर वाढतं म्हणून लावलं गेलं. त्याला उंदीरमारी असंही नाव आहे, आणि नावातच त्याचा विषारी गुण आला. थंडी सरताना ते फिकट गुलाबी फुलतं, दिसायला देखणं दिसतं, पण त्याच्या दाटीत आपली मूळची झाडं मागे पडतात. ती शोधावी लागतात. कागदासारखी साल सोडणारी सालई, मोई, धावडा, खैर, हिवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पळस आणि पांगारा स्वतःच हाक मारतात. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो दिसेलच असं नाही, पण ऐकू येतो. मोरांचा आवाज तर शहरात खालपर्यंत पोचतो. पावसाळा सरताना तेरडा फुलतो आणि मग कुसळी गवत पायजम्याला आपली आठवण टोचून ठेवतं.

शेजारची फर्गसन कॉलेजमागची टेकडी उंचीने लहान, पण आठवणींनी मोठी. १२ जून १९०५ रोजी पहाटे गोपाळ कृष्ण गोखले तीन सहकाऱ्यांना घेऊन या टेकडीवर आले आणि त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभागृह नाही, मंडप नाही, हारतुरे नाहीत. आयुष्यभर देशसेवेची शपथ घ्यायला त्यांना उघडी टेकडी पुरेशी वाटली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं पुणेकर इथे येतात आणि आपापल्या शपथा घेतात. बहुतेक शपथा वजन कमी करण्याच्या असतात, ही गोष्ट वेगळी.

टेकडीने मनाला बरं वाटतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तरीपण एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्यांची त्याने तुलना केली. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. नुसती खिडकीतून दिसणारी झाडं एवढं करत असतील, तर त्यांच्यातून चालत जाणं काय करत असेल?

टेकडीवर जाताना चार साध्या गोष्टी पाळाव्यात. मळलेली वाट सोडू नये. नेलेली प्लॅस्टिकची पिशवी परत आणावी. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं तेव्हा काडी ओढू नये, कारण एका ठिणगीत वणवा लागतो आणि जमिनीवरची घरटी जातात. कानात गाणी लावून चालू नये, पक्षी ऐकायचे राहतात. आणि एकट्यादुकट्याने, विशेषतः मुलींनी, निर्जन वेळ टाळावी असं सांगितलं जातं. हा शेवटचा सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण तो देताना मनाला खटकायला हवं. न ठरवता बाहेर पडण्याची मुभा निम्म्या लोकांना सोबत शोधून घ्यावी लागत असेल, तर ती अजून पुरती मुभा झालेली नाही. यावर उपाय टेकडी टाळण्यात नाही. टेकडीवर माणसांचा राबता वाढण्यात आहे. जिथे सकाळ-संध्याकाळ आजी-आजोबा, मुलं, बायका चालतात, तिथे एकटीलाही धीर असतो.

ही टेकडी कायमची आपली आहे, असं समजून मात्र बसू नका. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून रस्ता काढायचा, ही योजना कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा वर येते. २०२३ साली तिच्याविरुद्ध नागरिक मोठ्या संख्येने उतरले, मोर्चा निघाला. रस्ता हवा म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला जाऊन विचारा, तो काय म्हणेल ते मी सांगायला नको. पण रस्ता एकदा झाला की तो परत टेकडी होत नाही. टेकडीवर पडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून खाली मुरतं आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना पुरवठा करतं. ते काम कुठल्या पुलाला जमत नाही. वाहतुकीला दुसरे उपाय शोधता येतात. टेकडीला पर्याय नाही.

उतरेपर्यंत दुपार टळलेली असते आणि जिभेला गोडाची आठवण होते. आता पेठांकडे वळायचं. पुण्याचं याबाबतीतलं उत्तर ठरलेलं आहे: मस्तानी. दाट, थंडगार दुधाचा उंच ग्लास, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा. हे प्यायचं की खायचं, याचा निर्णय अजून लागलेला नाही. आधी चमचा, मग नळी, आणि शेवटी ग्लास उपडा करून बघणं, असा क्रम रूढ आहे. आंब्याच्या दिवसांत आंबा मस्तानी मागायची असते. बाकीच्या दिवसांत घरात एकमत होत नाही.

ती पहिल्यांदा कुणी केली, याबद्दल पेठांमधल्या जुन्या दुकानांचे आपापले दावे आहेत. त्यात पडण्याचं धाडस मी करणार नाही. मला या गल्ल्यांतून पुढेही जायचंय. एक मात्र नक्की, की बाजीरावांच्या मस्तानीचा या ग्लासाशी नावापुरताच संबंध. ती १७४० साली वारली, पाबळला तिची कबर आहे. जहाजाने बॉस्टनहून बर्फ पहिल्यांदा कलकत्त्याला उतरला तो १८३३ साली. म्हणजे तिच्या नावाचं हे सुख तिला कधीच मिळालं नाही. शनिवारवाड्याने जिला सामावून घेतलं नाही, तिचं नाव पुण्याच्या सदाशिव पेठेत माणसं रांग लावून घेतात, हाही एक न्यायच म्हणायचा.

पुण्याबाहेरच्या श्रोत्यांनी रागावू नये. प्रत्येक गावाचा असा दिवस असतोच. साताऱ्यात सकाळचा चहा घेऊन अजिंक्यतारा चढावा आणि उतरल्यावर कंदी पेढे घ्यावेत. नागपुरात सेमिनरी हिल्सची सावली आहे आणि संत्रा बर्फी आहे. मुंबईकरांकडे १९०४ सालचं कयानी आहे, आणि लोकलने बोरिवलीला उतरलं की शंभर चौरस किलोमीटरहून मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे तिकीट आहे, पण जंगलही खरं आहे. तुमच्या गावचा ओढा, तुमचं तळं, तुमची खानावळ आणि तुमचा खवा मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेवढं पुरे.

मात्र हे सगळं टिकवायचं असेल तर वापरावं लागेल. ज्या हॉटेलात निवांत बसू देतात तिथे जाऊन बसा, आणि तासभर बसलात तर दुसरा चहा मागवा. टेबल अडवल्याची ती भरपाई आहे. टेकडीवर घरातल्या मुलांना न्या. ज्याने तिथे कधी पाऊल ठेवलं नाही, तो ती वाचवायला येणार नाही. आणि शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कायद्याप्रमाणे नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. १९६६च्या नगररचना कायद्याने दिलेला हा हक्क आहे. वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली जाहिरात आपण न वाचता पान उलटतो. पुढच्या वेळी वाचा. आपल्या टेकडीच्या, मैदानाच्या, तळ्याच्या जागेवर कुठला रंग भरलाय तेवढं बघा, आणि पटलं नाही तर एक अर्ज लिहा. एका मोकळ्या दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण ज्यांच्याकडे गाडी नाही, फार्महाउस नाही, महागड्या रिसॉर्टचे पैसे नाहीत, त्यांना मोकळा श्वास घ्यायला हीच जागा आहे. ती गेली तर श्रीमंत दुसरीकडे जाईल. बाकीचे घरी बसतील.

तेव्हा श्रोतेहो, येत्या रविवारी गटावर तारीख टाकू नका. सकाळी उठल्यावर आभाळाकडे बघा, पायात चांगली चप्पल नाहीतर बूट घाला, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवून विचारा, 'चहाला येताय का?' नाही म्हणाले तर पुढचं दार वाजवा.

नमस्कार.